मधल्या दाराचा पंजा

सोमवार, ५ ऑक्टोबर १९५३. लोद.

आज कामावर रुजू झालो आणि दिवसभर डोक्यात वरातीचा बँड वाजत होता. मुंबईच्या गोदीत ओव्हरसियर म्हणून उमर काढलेला मी, सॅम्युअल अबाजी वाकरूळकर, ज्यूंच्या या नव्या देशात उतरल्यापासून संत्र्यांच्या बागेत टोपल्या उचलत होतो. आज पुन्हा हातात ओळंबा आला. सण आटोपले आणि नशीब उघडलं, असं बायकोला, सिपोराला, म्हणालो. ती म्हणाली, आधी जेवा.

काम असं आहे. जुन्या गावात एक दुमजली दगडी घर आहे, अठ्ठेचाळीस सालच्या लढाईपासून रिकामं. त्यात आडभिंती घालून, दारं मोठी करून नव्याने आलेल्या कुटुंबांसाठी खोल्या करायच्या. घर बघून मी टोपी काढली. आत लाकडाचा एक वासा नाही की लोखंडाची सळई नाही. भिंतींच्या दोन्ही अंगांना घडीव दगड, पोटात डबर आणि चुना, आणि जाडी इतकी की खिडकीच्या कोनाड्यात माणूस पाय लांब करून झोपेल. खालच्या दोन दालनांवर दोन दगडी घुमट. घुमट नेहमी बाहेर ढकलत असतो, आणि हे दोघे मधल्या एका भिंतीला पाठ लावून बसलेत, पाठीला पाठ टेकून बसलेल्या दोन म्हाताऱ्यांसारखे. एक उठला की दुसरा उताणा. ती मधली भिंत म्हणजे या घराचा जीव.

त्या भिंतीत एक अरुंद दार आहे. दारावरच्या आडव्या दगडावर तपकिरी पंजा उमटलेला आहे, पुरुषाचा, उजव्या हाताचा. करंगळी आत वळलेली. बघताक्षणी मला आमचं वाकरूळ आठवलं. पेसाखच्या सणाला माझे बाबा बकऱ्याच्या रक्तात हात बुडवून कोऱ्या कागदावर पंजा उठवायचे आणि तो कागद दारावर लावायचे, घराला दृष्ट लागू नये म्हणून. म्हणजे या घरच्या अरबांचीही चाल तीच. मला फार बरं वाटलं. चौकटीला मझूझा, म्हणजे आमची शास्त्रवचनाची डबी, अजून लागलेला नाही, तेव्हा सवयीने हात त्या पंजाकडेच गेला. बोटं टेकवली आणि ओठांना लावली. परक्या घरात शिरताना काहीतरी हवंच ना.

काम संपलं की त्या मधल्या भिंतीवरची वरची खोली मला, असं कचेरीने कबूल केलं आहे. खोली कोरडी, खिडक्या दोन, दोन्हींना मजबूत गज, पोर पडायची भीती नाही. माबाऱ्यात, म्हणजे आम्हा नव्या लोकांच्या छावणीत, पत्र्याच्या खोपटात आम्ही तिघं राहतो. लेकीचा, येमिमाचा, खोकला मागच्या थंडीपासून गेलेला नाही. डॉक्टरणीने स्वच्छ सांगितलं आहे की दुसरी थंडी या पत्र्याखाली काढू नका. थंडीतले पाऊस सुरू व्हायच्या आत ती खोली मिळाली पाहिजे. बाकी मला या देशाकडून काही नको.

बुधवार, ७ ऑक्टोबर.

साहेबांचं दर्शन झालं. इंजिनियर बेझालेल, जर्मनीत शिकलेले. अर्ध्या चड्डीत जीपमधून येतात, हनुवटी वर करून सगळ्या घुमटांची पाहणी करतात आणि जातात. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. माझं नाव त्यांनी विचारलं नाही. ‘होदू’ अशी हाक मारली. होदू म्हणजे हिंदुस्थान. अख्ख्या देशाचं ओझं एकट्याच्या डोक्यावर.

त्यांची एक खोड लक्षात ठेवण्याजोगी आहे. कुठेही टेकू दिसला की त्याला बुटाची सणसणीत लाथ घालतात. हलला नाही की पसंत. बाहेरच्या सज्जाच्या प्रत्येक धिऱ्याला आज प्रसाद मिळाला.

आम्ही कामाला तिघं मुख्य. गवंडी रूवेन बगदादचा, अरबी त्याची मातृभाषा, माझ्याशी मोडक्या हिब्रूत बोलतो. दुसरा आमचाच, पनवेलचा अमोस, रेड्याच्या ताकदीचा आणि तोंडाचा फटकळ. त्याच्याशी मराठीत बोललं की दिवस हलका जातो. पंजाला हात लावून मी बोटं चुंबतो ते बघून तो म्हणाला, “सॅम्युअलभाऊ, कुनाच्या बापाचा हात, नि तुम्ही मुके घेताव.”

रविवार, ११ ऑक्टोबर.

साहेबांना ते मधलं दार रुंद हवं आहे. चार माणसं शेजारी चालतील एवढं. मागच्या खोल्यांतल्या लोकांना रस्त्यावर यायला वाट पाहिजे, हे कबूल. पण तेवढी भिंत कापायची तर आधी दोन्ही दालनांत आडव्या लोखंडी सळया ओढून घुमट बांधून घेतले पाहिजेत, म्हणजे ते फाकणार नाहीत. मग भिंतीत आरपार भोकं पाडून त्यांतून जाड तुळया घालायच्या, तुळयांना दोन्हीकडून धिरे द्यायचे आणि धिऱ्यांच्या बुडाशी लाकडी पाचरी ठोकायच्या. वरचा सगळा भार पाचरींवर आला की खालचा दगड निवांत काढता येतो. शबातचा, शनिवारच्या विसाव्याचा, दिवस सोडून तीन संध्याकाळी बसून मी याचा नकाशा काढला. सिपोराने कंदील धरला.

साहेबांनी नकाशावर नजर टाकली, देशात लोखंड नाही असं सांगितलं, आणि आहेत तेवढ्या धिऱ्यांवर काम उरकायला फर्मावलं. तुमच्याकडे शेणाने घरं सारवतात ना, असंही विचारलं. सगळे हसले. दुपारी बघतो तर माझ्या नकाशात खारवलेला मासा गुंडाळलेला. जीपच्या टपावर बसून साहेब तो खात होते.

मी रागावलो नाही. मी रागावत नसतोच. मी लक्षात ठेवतो.

बुधवार, १४ ऑक्टोबर.

तुळया घातल्या, धिरे दिले, पाचरी ठोकल्या. भिंतीत एक जुना तडा आहे, घुमटापासून दारापर्यंत. त्यावर वर, मध्ये आणि खाली अशा काचेच्या तीन पट्ट्या चुन्याने डकवल्या. भिंत केसाएवढी हलली तरी काच तडकते, आणि तडकताना टिचकी वाजते. माणसापेक्षा काच खरं बोलते.

पहिला दगड मीच काढला. गोदीत आमचा रिवाज होता, भिंत फोडायची तर पहिली पहार ओव्हरसियरची. दगड सुटला आणि आतल्या डबरात हात घातला तर डबर कोमट होतं. ऊन तिथवर पोचत नाही. दिवसभर ते कोडं डोक्यात राहिलं. निघताना पंजाला बोटं लावली तर ओलसर लागली, आणि ओठांना खारट.

घाम असेल.

सोमवार, १९ ऑक्टोबर.

साहेबांनी पंजा खरवडून त्यावर सफेदी मारायला सांगितलं. मी म्हटलं असू दे, शुभ असतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही, अमोसच्या हातात तारेचा ब्रश दिला. अमोस बिचारा हुकुमाचा ताबेदार. तासभर घासला, वर चुना मारला. का कोण जाणे, माझ्या अंगाची लाही लाही झाली. पंजा माझा नाही, घर माझं नाही, तरी माझ्याच तोंडावर कुणी ब्रश फिरवतंय असं वाटत होतं.

मंगळवार, २० ऑक्टोबर.

सकाळी चुन्याखालून पंजा परत वर आला होता. तपकिरी नव्हे, तांबडा. रूवेनने त्याच्या बाजूला जायचं सोडलं आहे. मी मात्र नेहमीसारखी बोटं लावली. खरं सांगायचं तर, मला आनंद झाला.

बुधवार, २१ ऑक्टोबर.

अमोसचा उजवा हात गेला.

घडीव दगड दोराने खाली सोडत होतो. दोर माझ्या हातात, खाली अमोस दगड वळवून घेत होता. दोर सुटला. हाताला दोराचा चटका बसला म्हणून सुटला असणार. बोटं राहिली नाहीत त्याची. तो ओरडलादेखील नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला.

माझ्या तळहातावर दोराचा वळ नाही.

शुक्रवार, २३ ऑक्टोबर.

इस्पितळात जाऊन आलो. अमोसची बायको पनीना माझ्याशी नीट बोलली. अमोस भिंतीकडे तोंड करून पडला होता. मी निघालो तेव्हा तो हळूच म्हणाला की भाऊ, दोर सुटला नाही, तुम्ही सोडलात. माझ्याकडे बघून सोडलात, आणि तुम्ही हसत व्हता.

औषधाची गुंगी असेल. मी हसलो असतो तर मला कळलं नसतं का?

मंगळवार, २७ ऑक्टोबर.

बेझालेलने आज सगळ्यांदेखत सांगितलं की अपघात माझ्या हलगर्जीने झाला, आणि वरची खोली आता मला मिळणार नाही. दुसऱ्या कुटुंबाला देणार. मी म्हटलं, माझी पोर आजारी आहे. तो म्हणाला, अमोसलाही पोरं आहेत. आणि जीपमध्ये बसून गेला.

सिपोराला सांगितलं. ती ओरडली नाही, रडली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली की मग येमिमाला आपण कुठे ठेवायचं ते तुमच्या साहेबांनाच विचारा. रात्रभर पोर खोकत होती. एकेका खोकल्यागणिक मी त्या माणसाचं नाव घेत होतो. करावं तसं भरावं म्हणतात. पण भरायला लावणारा कुणीतरी लागतो.

आज पंजाला बोटं नाही, सगळा हात लावला. माझा हात त्यात बसला. फक्त करंगळी तेवढी बसली नाही.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर.

दर शुक्रवारी एक अरब म्हातारी रस्त्यापलीकडे उभी राहून या घराकडे बघत असते. नाव नजमिया. या गावात जे थोडे उरले त्यांच्यातली. आज मी दारातून निघताना बोटं चुंबली ते तिने पाहिलं आणि सरळ आत आली. रूवेनने तिचं बोलणं मला सांगितलं, आणि सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

घर तिच्या सासऱ्याने बांधलं. घुमट मिटला त्या दिवशी त्याने मेंढा कापला आणि हा पंजा उठवला. करंगळी त्याची लहानपणी मोडलेली. तो पंजा दृष्टीसाठी नव्हे. या घरातला प्रत्येक पुरुष बाहेर पडताना त्याला हात लावायचा आणि बोटं ओठांना न्यायचा. ती शपथ होती. जो हे घर मोडील त्याच्यावर हा हात पडेल, आणि त्या हाताचं काम मी करीन, अशी शपथ. घर सुटलं त्या जुलैत तिचे दीर आणि मुलगे सरहद्दीपार गेले. तिची लेक वाटेतच गेली, त्या उन्हात, पाण्यावाचून. आता शपथ घ्यायला घरात कुणी राहिलं नव्हतं. मग म्हणाली, तू घेतोस. रोज घेतोस.

मी म्हटलं, आमच्याकडे मझूझाला असाच हात लावतात, मी सवयीने लावला. तिने ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं की तुला मुलगी आहे का. मी म्हटलं, आहे, सहा वर्षांची. तिने डोक्यावरच्या ओढणीने तोंड झाकलं आणि आली तशी निघून गेली.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते खरं. पण मनातलं लिहायचं तर भीतीच्या खाली दुसरंही काही आहे. घर मोडायचा हुकूम मी दिला नाही. बेझालेलने दिला. आणि घराला आता माणूस मिळालाय.

सोमवार, २ नोव्हेंबर.

आजपासून पंजाला हात लावायचा नाही असं ठरवून गेलो. खिशात हात घालून दारातून गेलो. पलीकडे पोचलो तेव्हा बोटं ओठांवर होती. ओली.

उजव्या हाताची करंगळी आत वळायला लागली आहे. दुखत नाही. सरळ केली तर परत वळते. येमिमा काल माझा हात धरायला आली आणि झटकून मागे झाली. हिब्रूत म्हणाली की हा अबाचा, बापाचा, हात नाही. सिपोरा तिला रागे भरली. मग माझी करंगळी बघून तिने पोरीला आपल्या पाठीमागे घेतलं.

बुधवार, ४ नोव्हेंबर.

पाचरी ढिल्या होताहेत. रोज सकाळी ठोकतो, दुपारी ढिल्या. रूवेनवर ओरडलो, हाताखालच्या मजूर पोरांवर ओरडलो. आज जेवणाच्या सुट्टीत चोर पकडायचा म्हणून तिथेच बसलो. बसल्या बसल्या बेझालेलचा विचार करत होतो, तो मासा, ते हसणं, ती खोली — आणि ठक् ठक् ऐकू आलं. खाली बघितलं. माझ्या उजव्या हातात सुतकी, गवंड्याचा हातोडा, होती. पाचर अर्धी बाहेर आली होती.

हाताकडे बघत राहिलो तेव्हा थांबला. नजर काढली की बोटं हलतात. बघितलं की निमूट. लबाड मुलासारखा.

शुक्रवार, ६ नोव्हेंबर.

रविवारी दुपारी बेझालेल पाहणीला येणार. भिंत आता बहुतेक कापून झाली आहे, सगळा भार धिऱ्यांवर. तो आत येईल, मान वर करील, आणि मधल्या धिऱ्याला लाथ घालील. घालणारच.

सगळे गेल्यावर पाचरी काढल्या. पुऱ्या नाही. दिसायला जागेवर. एका लाथेपुरत्या.

हाताने नाही काढल्या. मी काढल्या. हाताला फक्त मोकळं सोडलं. इतकं सुख मला गोदी सोडल्यापासून झालं नव्हतं. वर खोली रिकामी, खाली तो एकटा. माझं कोण आहे तिथे?

शबात शालोम म्हणून निघालो. काचा तिन्ही शाबूत.

रविवार, ८ नोव्हेंबर. बसमध्ये.

हात दाखवायला पेताह तिक्व्याच्या इस्पितळात चाललो आहे. सिपोराला तसं सांगितलं, रूवेनला निरोप ठेवला. दुपारी मी तिथे नसणार, हे चार लोकांना ठाऊक असलेलं बरं. पाऊस धरलाय. धक्क्यांनी अक्षर नीट येत नाही. हाताने पेन्सिल वेगळीच धरली आहे, मुठीत, छिन्नीसारखी —

मन हलकं आहे.

रविवार. तिसरा प्रहर. घरात.

डाव्या हाताने लिहितोय. अक्षर लागेल तसं लागो.

पाऊस असा की माबारा वाहून गेला. परतीच्या बसमधून उतरलो, खोपटाकडे धावलो. पत्रा नाही, खाट नाही, कुणी नाही. शेजारची मझल म्हणाली, तुमचा साहेब देवमाणूस. सकाळीच जीप घेऊन आला. म्हणाला, होदूची पोर कुठली. स्वतः खांद्यावर घेतली. वरची खोली उघडून दिली. सळयाही हायफाहून निघाल्यात म्हणे, होदूच्या नकाशाप्रमाणे.

तो ओरडतही होता, मझल म्हणाली. माझ्यावर. पोरीला इतके दिवस पत्र्याखाली ठेवली म्हणून.

धावत आलो. रूवेन दारात. पांढरा फटक. साहेबांनी पोरीला वर नेलं, सिपोराला नेलं, खाली आले, सवयीने धिऱ्याला लाथ मारली आणि दुसऱ्या कुटुंबाला आणायला गेले. धिरा पडला नाही. तेव्हा नाही. मागाहून सरकायला लागला. हळूहळू.

भिंत बसली. वरच्या खोलीचं दार चौकटीत आवळलं. उघडत नाही. खिडक्यांना गज. मजबूत गज.

रूवेनला पाठवलंय. बेझालेलला आण, जॅक आण, पहारी आण. त्यालाच आण. दुसरं कोण आहे मला?

सिपोराला खालून ओरडून सांगितलं. कोपऱ्यात बस, पोरीला हलू देऊ नको. ती म्हणाली, काय झालंय अहो? सांगितलं नाही.

पाचर ठोकायला गेलो. डाव्याने धरली, उजव्याने ठोकली. एक बसली. बघतो तर दुसरी काढलेली. ती बसवली, पहिली निघाली. पाचरी त्या उजव्या हाताने फेकल्या पाण्यात, अंगणात. मोठी सुतकी अजून त्याच्या आवाक्यात आहे, मला वाकता येत नाही —

आता मीच पाचर. धिऱ्याच्या बुडाला पाठ लावून बसलोय, पाय समोरच्या दगडाला. उठलो की सरकेल. पाठीतून भार कळतो. जिवंत आहे तो. कोमट.

उजवा हात वहीच्या पानावर ठेवलाय. नजरेसमोर. मी बघतो तोवर तो हलत नाही. म्हणून लिहितोय. लिहिताना पानावरच बघावं लागतं. करंगळी पूर्ण आत वळली. आता बरोबर बसेल.

मी म्हणायचो बेझालेलने मोडलं. पहिला दगड कुणी काढला? पहार कुणाची? शपथ माझी, आणि मोडणाराही मीच. घराने चूक केली नाही. नजमियाने म्हणूनच विचारलं, मुलगी आहे का —

काच वाजली. खालची.

बाई, मला ठाऊक नव्हतं. मी सवयीने लावला. आमच्यात असंच लावतात. तुझी पोर मी नाही मारली. तुझ्या घरात फक्त राहायचं होतं.

जीप ऐकू येते का? पाऊस आहे नुसता.

बोट हललं. नाही. बघतोय मी. बघतोय.

दुसरी वाजली.

येमिमा जागी झाली. खोकतेय. मग हाक. अबा. वर नाही बघायचं. अबा, आहेस का? आहे ग. तोंडाने म्हणतो, डोळे इथेच. रडतेय आता. अबा, माझ्याकडे बघ, जमिनीला चीर पडलीय, त्यातून तू दिसतोस, वर बघ ना अबा — नाही बघायचं — हात इथेच आहे, पानावर, पाच बोटं — चिरेतून तिचं बोट — एकदाच, एकदाच वर बघून लगेच —